अगोदर घडविलेलें

'प्रीफॅब्रिकेट' या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ, वस्तूचे भाग अगोदर घडवून मग जागेवर जोडणें, असा आहे. मुंबईस काळा घोडा येथील वॉटसन्स हॉटेलचा ओतीव लोखंडी सांगाडा इंग्लंडांत घडला, जहाजानें आला आणि १८६० नंतरच्या दशकांत येथें उभा राहिला. आपल्याकडील सुतारही दाराची चौकट अगोदर करून मग भिंतींत बसवितो.

याच शब्दाचा लाक्षणिक अर्थ मात्र कमीपणाचा आहे. चुकीपूर्वींच योजिलेली सबब, माणूस भेटण्यापूर्वींच बनविलेलें मत, प्रश्न वाचण्यापूर्वींच घोकलेलें उत्तर, यांसही तो लावितात.

चौकट अगोदर केलेली चालते, मग उत्तर कां चालूं नये? आमचें म्हणणें असें कीं, सुतार प्रथम जागेचें माप घेतो. घोकलेलें उत्तर कशाचेंच माप घेत नाहीं. 'आमचा गांव' या निबंधांत न्हावऱ्याचा विद्यार्थी पुस्तकांतलीं हिरवीं कुरणें उतरवितो, आणि दारापुढचा ऊस व ज्वारी विसरतो. असा निबंध शुद्ध असेल, पण तो न्हावऱ्याचा नव्हे.

पालकांनीं निबंधास किती गुण पडले हें विचारण्यापूर्वीं, त्यांतील एक तरी वाक्य मुलाचें स्वतःचें आहे काय, हें पाहावें.