हिवाळ्यातील नागपूरच्या हवेबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूर
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका

विषय : रस्त्यांवर पाणी शिंपडण्यावर न थांबता, सूक्ष्म कण ज्या वायूंपासून बनतात त्यांना आळा घालण्याबाबत.

महोदय,

डिसेंबरात नागपूरकर पहाटे अंबाझरीच्या काठाने फिरायला निघतात ते तब्येतीसाठी. हवा मात्र त्याच सुमारास सर्वाधिक कोंडलेली असते. रात्री जमीन गारठते, तिच्यालगतची हवा जड होते आणि वरच्या उबदार थराखाली अडकते. शेकोट्यांचा, वाहनांचा, पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर ऊन चढेपर्यंत हलत नाही.

धूर निदान दिसतो तरी. कोराडी आणि खापरखेडा येथील कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, आणि तो वायू असल्याने राख पकडणाऱ्या यंत्रणेतूनही निसटतो. हवेत त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. शेणखत, युरिया, गटारे यांतून उठणारा अमोनिया त्याला मिळतो आणि अमोनियम सल्फेटचे कण जन्मतात. वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून अमोनियम नायट्रेट बनते. उन्हाळ्यात ते पुन्हा वायूत विरते, थंडीत कण होऊन टिकते. झाडू मारून हे कण कसे जाणार?

तरीही खर्च झाडूवरच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा देशभरातला ६४ टक्के निधी धूळ आवरण्यावर गेला, असे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये दाखवून दिले. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही.

केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे हे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. कर्करोगाचे कारण म्हणून २०१३ मध्येच त्यांची नोंद झाली. चोवीस तासांसाठी भारताची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये पाच दिवसांच्या धुरक्याने हजारो माणसे दगावली, तेही कोळशाच्या धुरामुळे आणि त्यातल्या गंधकामुळे.

वीजकेंद्रांत गंधक रोखणारी यंत्रणा बसवण्याची अट डिसेंबर २०१५ ची. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या कोळशावरच्या बहुतेक वीजकेंद्रांना त्या अटीतून सूटच दिली. कोराडी आणि खापरखेडा आता सूट मिळालेल्या वर्गात मोडतात की नाही आणि त्यांचे काम कुठवर आले, हे मंडळाने तारखेसह जाहीर करावे, ही पहिली मागणी. दुसरी नीरीविषयी. ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. तिच्याकडून हिवाळ्यातल्या सूक्ष्म कणांचे रासायनिक पृथक्करण करून घेऊन त्यात सल्फेट-नायट्रेट किती, ते मराठीत प्रसिद्ध करावे. महापालिकेने कचरा जाळणाऱ्यांना हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे दंड करावा. तत्पूर्वी स्वतःच्या सफाई कामगारांना पाचोळा पेटवावा लागू नये म्हणून तो उचलण्याची सोय करावी. हवा वाईट असेल त्या दिवशी शाळांना सकाळची कवायत पुढे ढकलण्याची सूचना जावी.

हिवाळी अधिवेशनासाठी राज्याचे सरकारच या हवेत राहायला येते. ते येण्यापूर्वी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

निवेदक : नागपूर शहरातील नागरिक