गिऱ्हाईक चीनचं, माज मिलानचा

ज्याच्या पैशावर दुकान चालतं त्याचीच अक्कल काढायची, हा उद्योग युरोपातल्या बड्या फॅशन कंपन्यांनी चीनमध्ये बिनदिक्कत चालवला. 1979 मध्ये फ्रेंच फॅशनकार पिएर कार्दँ बीजिंगला फॅशन शो घेऊन गेला तेव्हा रस्त्यावर निळ्या-करड्या माओ कोटांचीच गर्दी होती. चाळीस वर्षांनी जगातल्या चैनीच्या मालापैकी साधारण एक तृतीयांश चिनी लोक विकत घेत होते. म्हणजे पॅरिस-मिलानचा गल्ला यांच्या जिवावर. आणि यांच्याशी वागणं कसं?

नोव्हेंबर 2018. शांघायमध्ये डोल्चे अँड गबाना या इटालियन कंपनीचा भव्य शो व्हायचा होता. त्याआधी जाहिराती आल्या. लाल झगमगीत पोशाखातली चिनी तरुणी चॉपस्टिक्सनी पिझ्झा खायची धडपड करते, मग स्पॅगेटी, मग कानोली नावाची भलीमोठी इटालियन मिठाई. मागून एक पुरुषी आवाज तिला खायचं कसं ते शिकवतो, वर ‘फार मोठं आहे का तुला?’ असा चावटपणाही करतो. लाखांचे कपडे विकणाऱ्यांची अभिरुची ती हीच? लोक खवळले. मालकांपैकी एक, स्टेफानो गबाना, याच्या इन्स्टाग्राम खात्यावरून चीनला शिव्या घालणारे संदेश बाहेर आले. खातं हॅक झालं, असं तो म्हणाला. शो रद्द झाला, ऑनलाइन दुकानांतून माल हटवला गेला आणि दोघे मालक कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागू लागले, शेवटी तर चिनी भाषेतही. गल्ला बुडाल्यावर सुचलेलं हे शहाणपण!

ह्यूगो बॉसने तर निर्लज्जपणाची हद्द केली. चीनच्या शिनजियांग भागात उइगुर मुस्लिमांना सक्तीने राबवलं जातं, म्हणून तिथला कापूस आम्हाला नको, असं ही कंपनी पाश्चात्त्यांना सांगत होती. मार्च 2021 मध्ये हा कापूस नाकारणाऱ्या कंपन्यांवर चीनमध्ये बहिष्कार पेटला, त्यांतल्या एचअँडएमचा माल चिनी वेबसाइटवरून गायब झाला, आणि लगेच वेइबो या चिनी समाजमाध्यमावरच्या ह्यूगो बॉसच्या खात्यावर झळकलं: शिनजियांगचा कापूस आम्ही घेतच राहू. नंतर तेही पुसलं. इंग्रजीत नीती, चिनीत धंदा! चिनी सरकारची दादागिरी निंद्यच आहे. पण तिच्यासमोर लगेच लोळण घेणाऱ्यांनी जगाला मानवाधिकार शिकवू नयेत. त्या कापसाच्या शेतातल्या मजुराचं काय, हे यांच्यापैकी कोणी विचारलं?

मग 2022 मध्ये डिओरचा घागरा आला. पुढे-मागे सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना चुण्या, पट्ट्याला चीर. चिनी पोरींनी तो बघताक्षणी ओळखला: हा तर शेकडो वर्षांचा आपला मामियानच्युन! कंपनीच्या मते मात्र ही डिओरची खास घडण. किंमत 29,000 युआन, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या घरात. चिनी विद्यार्थी पॅरिसमधल्या डिओरच्या दुकानासमोर फलक घेऊन उभे राहिले. तुम्हाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. 2025 मध्ये प्राडाने आपली कोल्हापुरी मिलानच्या मंचावर चालवली, आणि कोल्हापूरचं नाव घेतलं ते महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर.

2024 मध्ये चीनमधली चैनीच्या मालाची विक्री जवळपास पाचव्या हिश्श्याने घसरली. कंपन्या मंदीकडे बोट दाखवतात, मंदी आहेच. पण त्याच वर्षी चिनी नववर्षाला तरुण पोरी मामियानच्युन नेसून मिरवल्या. शानडोंग प्रांतातल्या काओ तालुक्यात तो धडाधड शिवला जात होता, डिओरच्या तुलनेत कवडीमोल भावात.