सन यत-सेन यांचा वारसा तपासून पाहा



गेल्या अंकातील चिनी क्रांतिकारक डॉ. सन यत-सेन यांच्यावरील लेखात, त्यांच्या लोकशाहीच्या स्वप्नाचा घात त्यांचे उत्तराधिकारी च्यांग कै-शेक यांनी केला, असा निष्कर्ष काढला आहे. तो मला एकांगी वाटतो.

१९१४ मध्ये जपानमध्ये सन यांनी काढलेल्या क्रांतिकारी पक्षात प्रत्येक सभासदाला त्यांच्या आज्ञापालनाची शपथ घेऊन बोटाचा ठसा द्यावा लागे. ह्वांग शिंगसारखे जुने सहकारी म्हणूनच त्यापासून दूर राहिले. सन यांच्या १९०६ च्या क्रांतीच्या आराखड्यात लष्करी राजवटीला तीन आणि पुढच्या संक्रमणकाळाला सहा वर्षांची मुदत होती. १९२४ च्या आराखड्यात पक्षाच्या देखरेखीचा टप्पा राहिला, पण ठरावीक मुदत गेली. च्यांग यांच्या एकपक्षीय राजवटीला आधार मिळाला तो याच तरतुदीतून.

अर्थात, सन यांना सत्तेची हाव नव्हती. १९१२ मध्ये प्रजासत्ताक टिकावे म्हणून त्यांनी अध्यक्षपद लष्करी नेते युआन श-काय यांच्याकडे सोपवले. युआन यांनी पुढे संसदच बरखास्त केली. त्या अनुभवाने सन यांचा संसदीय मार्गावरचा विश्वास ढळला. हे समजून घ्यावे, पण त्याची किंमत लपवू नये.

च्यांग यांची राजवट पुढे तैवानमध्ये गेली. तेथील लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला आणि राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक १९९६ मध्ये झाली. सन यांनी सांगितलेला तिसरा, म्हणजे घटनात्मक राजवटीचा, टप्पा त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षांनी आला, आणि तो तेथील नागरिकांनी लढून मिळवला. त्याचे श्रेय त्या नागरिकांनाच द्यायला हवे.

— एक वाचक, सातारा