मिठाऐवजी गवत

यवतमाळच्या अभ्यासिकांमध्ये यशस्वी उमेदवारांची वेळापत्रके भिंतीवर चिकटवलेली दिसतात. तो पहाटे चारला उठत होता, म्हणून आपणही चारला उठायचे. याला कोणी हसू नये. ज्या घरात आधी कोणी स्पर्धा परीक्षा दिलेली नाही, तिथल्या मुलामुलींनी सुरुवात कोणाकडे पाहून करायची? पण अनुकरण कशाचे करायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवणे मात्र ज्याचे त्यालाच भाग आहे.

१८८० साली वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांचे उदाहरण इथे फार मोलाचे आहे. टिळक हे त्यांचे दैवत. पुढे त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात रचले. त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ला १९७३ मध्ये, त्यांच्या पश्चात, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गांधीजींचा असहकार त्यांना पुरता पटला नव्हता. तरीही १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडण्याची हाक आली, तेव्हा ते मागे राहिले नाहीत. आता यवतमाळला समुद्र कुठला? होते ते जंगल, आणि त्यातल्या गवतावरही सरकारी निर्बंध. जनावरांच्या वैरणीसाठी अडणाऱ्या शेतकऱ्याला मिठापेक्षा हा जाच जवळचा होता. जुलैमध्ये अण्यांनी पुसद भागात राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. अन्यायाचा कायदा उघडपणे मोडायचा, शिक्षा भोगायची, हात उगारायचा नाही, एवढे त्यांनी गांधीजींकडून घेतले. मीठ दांडीलाच राहू दिले.

मात्र स्वतःच्या बुद्धीने चालणारा माणूस बरोबरच असतो, असेही नाही. १९३४ मध्ये, विविध समाजांना स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याबाबतची काँग्रेसची भूमिका न पटल्याने मदनमोहन मालवीयांसह त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यावर दोन मते असू शकतात. पण १९४१ मध्ये, वैयक्तिक सत्याग्रहात कितीतरी सहकारी तुरुंगात असताना, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ सुरू झाल्यावरही तिथेच राहिले. मला तो निर्णय चुकलेला वाटतो. त्यामागे टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकार देईल त्या प्रमाणात सहकार्य करण्याचा, धागा दिसतो. पण ते धोरण माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या काळातले. पुसदला ज्यांनी आधी भोवतालची जमीन पाहिली, त्यांनीच दिल्लीत वीस वर्षांपूर्वीचे उत्तर जसेच्या तसे वापरले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला, हेही तितकेच खरे. उशिरा का होईना, पद सोडायला धैर्य लागतेच.

म्हणून जिल्ह्यातल्या शाळांमध्ये अण्यांचे चरित्र सांगताना १९४१ चे पान गाळू नये. पुसदच्या गवताइतकीच ती सुमारे दीड वर्षेही मुलांसमोर यावीत, त्यावर वर्गात वाद व्हावा, आणि एखाद्या मुलीने अण्यांची बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, तर तीही ऐकून घ्यावी.