धारोष्ण विश्वास

कोल्हापुरात गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला सकाळ-संध्याकाळ म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाईक आले की गवळी खाली बसतो, सड पुसतो, धार थेट पेल्यात पडते. पेल्यावर फेस चढतो आणि दूध म्हशीच्या अंगाच्या उबेसह पोटात जाते. मध्ये ना पिशवी, ना शीतकरण केंद्र, ना टँकर. तालमीतून घाम निथळत आलेला पैलवान, नातवाचे बोट धरून आलेले आजोबा आणि अलीकडे मोबाइल उगारून रील करणारा पर्यटक, सगळे एकाच कट्ट्यावर. कोल्हापूरकरांना या कट्ट्यांचा अभिमान आहे आणि तो समजण्यासारखा आहे. इथे दुधात पाणी घालायला वावच नाही. जे आहे ते डोळ्यांदेखत.

पण हेच कोल्हापूरकर घरी रतिबाचे दूध न तापवता पितात का? मुळीच नाही. दूध आले की पहिले काम पातेले गॅसवर चढवायचे, दुपारी पुन्हा एक उकळी, उन्हाळ्यात रात्री तिसरी. आजी-पणजीला जंतूंची नावे ठाऊक नव्हती, तरी पोराला कच्चे दूध द्यायचे नाही हे पक्के ठाऊक होते. घरातली ही शिस्त चौकात सुटते, कारण धारोष्ण दुधाला तालमीचा, आयुर्वेदाचा आणि आठवणींचा असा तिहेरी आधार आहे. त्यापुढे डॉक्टरचा सल्ला फिका पडतो.

डॉक्टर सांगतात ते साधे आहे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला, गुरांच्या क्षयाचे जंतू, कॅम्पिलोबॅक्टर माणसात येऊ शकतात. म्हैस धडधाकट दिसते, दूध पांढरेशुभ्र, वासाला आणि चवीला चांगले. संशय घ्यावा असे काहीच नसते. ब्रुसेलोसिसचा ताप चढतो-उतरतो, सांधे धरतात, रात्री अंथरूण घामाने भिजते आणि रुग्ण विषमज्वर समजून आठवडेच्या आठवडे भलतीच औषधे घेत राहतो. हा आजार आपल्या गोठ्यांत इतका मुरलेला आहे की, सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ-खुरकुताबरोबर त्याच्याही नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी पारडांना त्यात लस दिली जाते. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले तरी हे जंतू मरतात. तेवढ्याने दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जात नाही. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात इतकेच. पिशवीच्या दुधात ‘सत्त्व राहत नाही’ अशी जी तक्रार असते, तिचा उगम बहुधा स्निग्धांशात आहे. म्हशीच्या दुधात तो सहा-सात टक्के असतो, टोन्ड दुधात तीन. जिभेला फरक कळतो तो खरा आहे. त्याचा दोष मात्र पाश्चरायझेशनवर जातो. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाच्या जिल्ह्याला हे नव्याने सांगावे लागावे, ही गंमतच म्हणायची.

मग कट्ट्यावरचा माणूस अडाणी आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. त्याला भेसळीची भीती आहे आणि त्या भीतीवर त्याने स्वतःपुरता उपाय शोधला आहे: समोर पिळून घ्यायचे. भेसळ डोळ्यांना पकडता येते, जंतू पकडता येत नाही. जी भीती दिसते तिचा बंदोबस्त त्याने केला आणि न दिसणारी भीती ज्यांनी त्याला पटवून द्यायची, त्यांच्यावर त्याचा विश्वास उरलेला नाही. विज्ञानावरच्या अविश्वासाचे गाऱ्हाणे मांडणाऱ्यांनी हा विश्वास कसा गेला ते आधी पाहावे.

अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या पाहणीत देशभरातले १,७९१ दुधाचे नमुने तपासले गेले आणि ६८.४ टक्के निकषांत बसत नाहीत असे जाहीर झाले. त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत दोष होता तो पाणी घातल्याचा. लोकांपर्यंत मात्र एवढेच पोहोचले की देशातले दोन तृतीयांश दूध विषारी आहे. पुढे २०१८ ची पाहणी आली: ६,४३२ नमुने, त्यातले ९३ टक्के पिण्यास सुरक्षित, आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत. हा दिलासा कुणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा निरोप. भेसळीच्या दुधामुळे २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटल्याचे त्यात होते. संघटनेने असे काही म्हटलेच नव्हते, सरकारनेही खुलासा केला. २०२५ साल उजाडले, निरोप फिरतोच आहे.

त्या दुसऱ्या पाहणीतली खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले. ते कुणी दुधात घालत नाही. बुरशी लागलेली सरकी पेंड, दमट मका जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरते. समोर पिळले तरी येते, उकळले तरी जात नाही. त्यावर उपाय एकच, पेंडीची पोती कोरडी ठेवणे आणि चाऱ्याची तपासणी. डिटर्जंट आणि युरियाच्या दुधाचे व्हिडिओ लाखांनी पाहिले जातात. पेंडीच्या बुरशीवर कोण बोलतो?

आणि जे प्राधिकरण लोकांना शास्त्र शिकवणार, त्याची स्वतःची कथा ऐका. दुधावर ‘ए-१’, ‘ए-२’ असे दावे छापणे दिशाभूल करणारे आहे, ते काढा, असा आदेश त्याने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढला. पाच दिवसांनी, २६ ऑगस्टला, संबंधितांशी चर्चा करायची आहे म्हणून तो मागेही घेतला. सामान्य ग्राहकाने यातून काय घ्यावे? आधीचे शास्त्र चूक होते की नंतरचे? की शास्त्राचा संबंधच नव्हता? दरम्यान ‘ए-२’ची काचेची बाटली दुप्पट-तिप्पट दराने विकली जाते. गंगावेशीतल्या म्हशीच्या दुधातले बीटा-केसिन हे प्रथिन जवळपास सगळे ए-२ प्रकारचेच असते, हे त्या बाटलीवर कुणी छापत नाही.

दुधाचे झाले तसेच गुळाचे. गुऱ्हाळावर काहिलीत आदण उकळू लागले की गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतो, रस घट्ट होत आला की वाफ्यात ओततो आणि मग रवे भरतो. रंग पिवळाधमक यावा म्हणून त्यात हायड्रॉस या गंधकयुक्त रसायनाची पूड पडू लागली, ती गुळव्याच्या हौसेने नव्हे. सौद्यात पिवळ्या रव्याला चढा भाव आणि गुजरातच्या पेठेला पिवळाच गूळ हवा, हे त्याचे कारण. गुळात सल्फर डाय-ऑक्साइड किती असावा याला मर्यादा आहे, दशलक्ष भागांत ७०. दमेकऱ्यांना गंधकाच्या या संयुगांचा त्रास होऊ शकतो, म्हणून ती मर्यादा महत्त्वाची. मग वारे फिरले. पिवळा म्हणजे विष, काळा म्हणजे सेंद्रिय, असे शहरी ग्राहकाने ठरवून टाकले. खरे तर गुळाचा रंग उसाची जात, जमिनीचा खारवटपणा, खताची मात्रा आणि आदण किती तापले यावर जातो. करपलेले आदणही काळेच दिसते. कालचा ग्राहक पिवळ्या रंगाला भुलत होता, आजचा काळ्याला भुलतो, एवढाच बदल.

त्याहून मोठा घोटाळा साखरेचा. ‘रसायनमुक्त’ गूळ म्हणजे जणू साखरमुक्त, अशा समजुतीने मधुमेही मंडळी चहात निःशंकपणे गुळाचा खडा टाकतात. गुळात ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असते, म्हणजे तीच साखर. थोडे लोह आणि खनिजे जास्त मिळतात, पण रक्तातली शर्करा त्यामुळे वाढायची थांबत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. ‘शुगर मुळासकट घालवणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिरातींवर चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या जाहिराती रोज दिसतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते जपायचे तर गूळ औषध म्हणून विकण्याचा मोह व्यापाऱ्यांनी सोडावा. गूळ गूळ म्हणूनच पुरेसा चांगला आहे.

सरकारच्या हातून विश्वास कसा निसटतो, याचा आणखी एक नमुना रेशनच्या तांदळात सापडतो. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात त्यात घातले जाऊ लागले. ॲनिमियावरचा हा विचार करून आखलेला उपाय. पण तांदूळ निवडताना आईला चार दाणे वेगळे दिसले, पाण्यावर तरंगले आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी बोंब झाली. रेशन दुकानात एक फलक लावून दोन मूठ दाणे दाखवले असते तर? शास्त्र पोत्यात आले, समजावून सांगणारे कुणी आले नाही.

कोंबडीचेही तसेच झाले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो या अफवेने पोल्ट्रीवाले बुडाले. शेजारच्या कर्नाटकातल्या गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पुन्हा चिकनकडे बोट गेले. रुग्णांच्या काही नमुन्यांत सापडला होता कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. दूषित पाणी, अर्धे कच्चे मांस आणि न तापवलेले दूध हे त्याचे नेहमीचे रस्ते. रटरट उकळलेल्या तांबड्या रश्श्यात तो जगणे शक्य नाही. तरी लोकांनी ताट बाजूला सारले ते रश्श्याचेच. धारोष्ण दुधाबद्दल सावध करणारा एकही निरोप त्या काळात आमच्या पाहण्यात आला नाही.

हे शहर विवेकाला पारखे नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी विवेकवादी नेते गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांचे विचार घराघरांत नेणारी माणसे इथे आजही आहेत. तेव्हा लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या व्याख्यानमालेची आणखी भर नको. कट्टे बंद करा असेही आमचे म्हणणे नाही. तसे केले तर गवळी गल्लीबोळांत जातील आणि दूध तेच राहील.

कोल्हापूरकराला समोर बघायची सवय आहे, तर तपासणीही समोर व्हावी. दुधातली ब्रुसेलाविरोधी प्रतिपिंडे शोधणारी ‘मिल्क रिंग टेस्ट’ स्वस्त आहे, थेंबभर रंगीत द्रावणाने होते. ती गोठ्यातल्या एकत्र दुधावर चालते. संशय आला तर प्रत्येक म्हशीचे रक्त तपासता येते. महापालिका आणि जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग यांनी कट्ट्यावरच्या म्हशींची अशी नियमित तपासणी करावी आणि तारखेसह पत्रक म्हशीच्या शेजारीच लावावे. प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र याच शहरात आहे. सौद्याआधी प्रत्येक लॉटच्या गंधकाचा आकडा बाजार समितीने फळ्यावर लिहिला तर पिवळा-काळा हा वाद आपोआप मिटेल. अन्नाच्या नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत द्यावा असे कायदा म्हणतो. दिवाळीत खवा जप्त झाल्याची बातमी येते, फोटो येतो. अहवालात काय निघाले हे तो खवा खाल्लेल्यांना कधीच कळत नाही. अन्न व औषध प्रशासनाने दर महिन्याला, पेढीच्या नावासह, पास झालेले आणि नापास झालेले दोन्ही नमुने जाहीर करावेत. पास झालेल्यांची नावे येणेही तितकेच गरजेचे आहे.

सुरुवात मात्र गवळ्यापासून करावी. ब्रुसेलोसिसचा धोका पेला तोंडाला लावणाऱ्यापेक्षा त्याला अधिक आहे. म्हैस गाभडली की वार काढायला तोच हात घालतो, उघड्या हाताने, अंगावर जखमा असताना, आणि घरातल्या बायका त्याच गोठ्यात शेण काढतात. गुडघे धरले, ताप येऊन जातो, तर हवा बदलली म्हणून सोडून देतात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात कट्ट्यावरच्या प्रत्येक गवळी कुटुंबाची रक्ततपासणी मोफत व्हावी आणि पॉझिटिव्ह आलेल्याला सहा आठवड्यांची औषधे रोजगार न बुडता मिळावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. कट्ट्यावर म्हशी बांधायच्या वेळी एक तंत्रज्ञ आणि थंड पेटी पाठवली तरी पुरे.