आडवे तत्त्वज्ञान, उभे तत्त्वज्ञान

शब्दकोड्याविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती हिशेबी माणसाची आहे. 'लोकमान्यांनी तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, घरे पाच.' आमच्या जळोचीत चहाच्या टपरीवरही कुणीतरी बशीतून डोके वर न काढता सांगतो, 'गीतारहस्य!' शाबास! १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने तो लिहिला, १९१५ साली तो छापून आला, आणि एवढं करून पदरात पडली घरं पाच. अहो, मिसळपावालाही पाचच मिळतात! ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९ हजार ओव्यांना चार, दासबोधाच्या २०० समासांना चार, आणि भेळपुरीलाही चार. ही कसली खतावणी?

बरं, घरं भरली की ग्रंथ वाचल्याचं पुण्यही परस्पर खात्यावर जमा! खरी गोम इथेच आहे. संन्यास घेऊन बसू नका, वाट्याला आलेलं काम करा, हे टिळकांनी पानंच्या पानं खर्चून सांगितलं. आणि त्याच ग्रंथाचं नाव भरता भरता आमचे एक सहकारी, टोकन घेऊन ताटकळलेल्या म्हाताऱ्याला म्हणतात, 'थांबा हो बाबा, एवढं एक घर राहिलंय!'

म्हणून कोडी रचणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ग्रंथाचं नाव विचारू नका, ग्रंथातलं म्हणणं विचारा. 'फळ मिळो न मिळो, हे सोडायचं नाही, घरे दोन.' कोडं सोडवणाऱ्याला ते नाही सुचलं तरी चालेल. कौंटरपलीकडच्या बाबांना विचारा. उसाला पाणी देऊन आलेत ते.