दोष ड्रायव्हरचाच!

वाटूर फाट्यावर ट्रक बंद पडला, की चहाच्या टपरीवरचा प्रत्येक इसम दोन मिनिटांत इंजिनतज्ज्ञ होतो. कुणी म्हणतो, पंप गेला. कुणी म्हणतो, नोझल गेले. मग मालक फोनवरून निकाल देतो, "ड्रायव्हरच कामातून गेलाय!" आणि दुरुस्तीचे पैसे त्या बिचाऱ्याच्या पगारातून जातात.

माझं म्हणणं एवढंच : आधी डिझेलची जबानी घ्या, मग माणसाची! फिल्टरच्या तळाचा बूच सैल करा, निघेल ते काचेच्या बाटलीत धरा आणि दहा मिनिटं गप्प बसा. (आपल्याला जड जातं ते हे शेवटचंच!) पाणी डिझेलपेक्षा जड, ते आपोआप तळाशी जाऊन बसतं. दिसलं, तर टाकी धुवा, फिल्टर बदला, लाइनीतली हवा काढा. पंप खोलायची घाई नको.

रॉकेल मात्र लबाड! ते डिझेलात असं मिसळतं, की बाटलीत दिसतच नाही. तिथे घनता मोजावी लागते. त्यासाठी डिझेल पंपावर हायड्रोमीटर असतो आणि मोजणी करून मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण मागून तर बघा! जणू तिजोरीची किल्लीच मागितली, अशा नजरेनं तो माणूस आपल्याकडे बघतो.

बघू द्या. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनाचा असलाच काळा धंदा पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. त्यांनी प्राण दिले; आपल्याला नुसती भीड सोडायची आहे.